शंखाच्या वृषणात दिसते ते सारे प्रदूषण नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत समुद्री गोगलगायींवर आलेला लेख वाचला. समुद्राच्या प्रदूषणामुळे नरांमध्ये केंद्रक नसलेले, अनेक शेपट्यांचे, ‘विकृत’ शुक्राणू तयार होऊ लागले आहेत, असे त्यात म्हटले आहे आणि पुराव्यादाखल सूक्ष्मदर्शकातले एक छायाचित्रही दिले आहे. मी प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. शंखधारी मृदुकाय प्राण्यांच्या वृषणाचे छेद घेणे, ते रंगवणे आणि त्यातल्या पेशींची चित्रे काढणे यातच माझी नोकरी गेली. छायाचित्रातल्या पेशी मी पाहताक्षणी ओळखल्या. त्या धडधाकट नराच्या धडधाकट पेशी आहेत. लेखकाची समुद्राविषयीची तळमळ खरी आहे, प्रदूषणही खरे आहे. पण पुरावा भलताच पुढे केला गेला आहे, आणि भलत्या पुराव्यावर उभी राहिलेली तक्रार पहिल्याच उलटतपासणीत कोसळते. ज्यांना समुद्रात विष सोडून मोकळे व्हायचे आहे, त्यांच्या हातात आपण असे कोलीत देता कामा नये. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक साधी गोष्ट. एकाच नराच्या शरीरात दोन प्रकारचे शुक्राणू असतात, हे गोगलगायीतच प्रथम दिसले, आणि ते साल होते 1836. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन सीबोल्ड यांनी पॅल्युडिना या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत ते पाहिले. एक प्रकार नेहमीचा, बारीक, लांब. दुसरा जाडसर, किड्यासारखा वळवळणारा, मागे शेपट्यांचा झुपका असलेला. पुढे 1903 मध्ये फ्रीडरिख मेव्हेस यांनी हे दुसऱ्या प्रकारचे शुक्राणू वृषणात घडतात कसे, याचा टप्प्याटप्प्याने माग काढला आणि काहींमध्ये केंद्रकातले द्रव्य अगदी थोडे उरते, तर काहींमध्ये मुळीच उरत नाही, हे दाखवून दिले. त्याच अभ्यासात त्यांनी पतंगाचेही वृषण तपासले होते, कारण केंद्रकहीन शुक्राणू पतंगांत आणि फुलपाखरांतही असतात. समुद्रातल्या असंख्य शंखांमध्ये हीच दुहेरी व्यवस्था आहे, हे त्यानंतर एकामागून एक सिद्ध होत गेले. जहाजांच्या तळाला लावायच्या ज्या विषारी रंगाचा उल्लेख आपल्या लेखात आहे, तो वापरात आला 1960 नंतर. म्हणजे दोष ज्याच्या माथी मारला आहे, त्याच्या जन्माआधी सव्वाशे वर्षे ‘पुरावा’ छापून प्रसिद्ध झालेला होता.

आता या पेशी आहेत तरी काय, ते सांगते. त्यासाठी आधी नेहमीचा शुक्राणू कसा घडतो ते पाहावे लागेल.

शंखाच्या अगदी टोकाच्या वेढ्यांमध्ये, पाचक ग्रंथीला लागून, वृषण असते. ते म्हणजे बारीक नलिकांचा गुंता. प्रत्येक नलिकेच्या भिंतीला चिकटून मूळ जननपेशी असतात. त्या विभागत जातात आणि त्यांची लेकरे भिंतीपासून सुटून हळूहळू पोकळीकडे सरकतात. त्यामुळे नलिकेचा आडवा छेद घेतला, की कडेपासून मध्यापर्यंत सगळी वये एका नजरेत दिसतात. कडेला मोठ्या गोल केंद्रकाच्या पेशी, त्यांच्या आत गुणसूत्रांच्या जोड्या जुळलेल्या पेशी, मग अर्धसूत्री विभाजनातून निघालेल्या लहान लहान पूर्वशुक्रपेशी, आणि मध्यात शेपट्यांचे झुबके. एका पेशीतून चार पूर्वशुक्रपेशी निघतात. त्या एकमेकींपासून लगेच पूर्ण सुटत नाहीत. मध्ये जीवद्रव्याचे पूल राहतात, म्हणून एका गटातल्या सगळ्या पेशी एकाच वेळी वयात येतात. रंगवलेल्या छेदात हे गट इतके शिस्तीत दिसतात, की त्यांचा क्रम कोणी शिकवावा लागत नाही.

खरी करामत यानंतर सुरू होते. पूर्वशुक्रपेशी विभागत नाही, फक्त रूप पालटते. गॉल्जी पिंडातून, म्हणजे पेशीतल्या स्राव बांधणाऱ्या भागातून, एक पुटिका (इवलीशी पिशवी) निघते, केंद्रकाच्या पुढच्या टोकाला जाऊन बसते आणि तिचा अग्रपिंड होतो. अंड्याच्या आवरणातून वाट काढायची ती याने. विरुद्ध टोकाला तारककण, म्हणजे सूक्ष्म नळ्यांचा बनलेला एक बारीक कण, येऊन टेकतो आणि त्यातून शेपटीचा कणा फुटतो: कडेला सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्ये दोन एकेकट्या नलिका. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका शेपटीच्या मुळाशी गोळा होतात. केंद्रकात तर उलथापालथच होते. गुणसूत्रे ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात, ती प्रथिने निघून जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामीन नावाची लहान, विद्युतभाराने डीएनएला घट्ट धरणारी प्रथिने येतात. विस्कटलेले सूत पिळून त्याचा दोर वळावा, तसे ते द्रव्य आधी कणीदार, मग तंतुमय, मग पातळ पापुद्र्यांचे होत होत शेवटी काळेकुट्ट आणि एकसंध होते. बोलिनस ब्रँडारिस या भूमध्य समुद्रातल्या शंखात ही प्रथिनांची अदलाबदल फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. प्राचीन फिनिशियन लोक ज्या शंखांतून राजवस्त्रांचा जांभळा रंग काढत, त्यांपैकीच हा एक. रंगासाठी हजारोंनी फोडल्या गेलेल्या या प्राण्याच्या वृषणात असे काही पाहण्यासारखे असेल, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

तयार शुक्राणूचा आकार त्याला कुठे पोहायचे आहे यावर ठरतो. स्वीडनचे ओके फ्रान्सेन यांनी 1950 च्या दशकात कितीतरी अपृष्ठवंशी प्राण्यांचे शुक्राणू शेजारी शेजारी ठेवून हे दाखवले. पटेला, हॅलिओटिस यांसारखे शंख शुक्राणू थेट समुद्राच्या पाण्यात सोडतात. त्यांचा शुक्राणू आखूड असतो. डोके काही मायक्रोमीटरचे, मागे चार-पाच गोल तंतुकणिकांचे कडे आणि एक साधी शेपटी. ज्यांच्यात मिलन होऊन मादीच्या शरीरातच फलन होते, त्यांचा शुक्राणू लांबलचक, दोऱ्यासारखा. लिटोरिना आणि न्यूसेला या शंखांत केंद्रक इतके ताणले जाते, की त्याची पोकळ नळी होते आणि शेपटीचा कणा तिच्या आतून थेट अग्रपिंडाच्या जवळपर्यंत जातो. तंतुकणिका कण्याभोवती पिळा घालून बसतात, त्यांच्या मागे ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेपासून बनलेल्या इंधनाचा, साठा. समुद्रसशासारख्या उभयलिंगी गोगलगायींत तर तंतुकणिका एकमेकींत विरघळून स्फटिकासारख्या रचनेचे आवरण बनते आणि त्यातून ग्लायकोजेनची नळी मळसूत्राप्रमाणे फिरत जाते.

हॅलिओटिसच्या शुक्राणूबद्दल थोडे जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या अग्रपिंडात लायसिन नावाचे सुमारे 16 हजार डाल्टन वजनाचे प्रथिन ठासून भरलेले असते. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत व्हिक्टर व्हॅकिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले. हे प्रथिन अंड्याच्या आवरणाचे पचन करत नाही. विकर (एन्झाइम) म्हणून काही तोडत नाही. आवरणातल्या तंतूंना ते चिकटते आणि त्यांची एकमेकांवरची पकड सोडवते. तंतू विलग होऊन भोक पडते आणि शुक्राणू आत शिरतो. हे भोक एका जातीचे लायसिन त्याच जातीच्या अंड्यात सहज पाडते, परक्या जातीच्या अंड्यात तितके नाही. त्यामुळे एकाच पाण्यात अनेक जाती एकाच सुमारास शुक्राणू सोडत असल्या, तरी सरमिसळ क्वचितच होते. एवढीशी पेशी, आणि जाती वेगळ्या राखण्याचे काम तिच्या टोकावरच्या एका प्रथिनाकडे.

आता आपल्या छायाचित्रातली पेशी.

तीही त्याच भिंतीपाशी जन्माला येते, पण फार लवकर तिची वाट वेगळी होते. ती मोठी होत जाते. अर्धसूत्री विभाजन अर्धवट होते किंवा टळते. केंद्रकाचे तुकडे पडतात. हे तुकडे पेशीच स्वतः पचवून टाकते. काही जातींत एखादा अवशेष उरतो, काहींत काहीच नाही. त्याच वेळी दुसरे काहीतरी वाढत असते. नेहमीच्या शुक्राणूत तारककणांची एक जोडी पुरते. इथे त्यांची संख्या वाढत जाते आणि प्रत्येकातून शेपटीचा एकेक कणा फुटतो. अमेरिकन पेशीशास्त्रज्ञ जोसेफ गॉल यांनी 1961 मध्ये गोड्या पाण्यातल्या व्हिव्हिपॅरस या गोगलगायीत (सीबोल्ड यांनी पाहिलेली पॅल्युडिना ती हीच) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नवे तारककण जुन्याभोवती कडे करून कसे उगवतात ते दाखवले. तारककण कसा जन्मतो हा साऱ्या पेशीशास्त्राचा मोठा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा या तथाकथित बिघडलेल्या पेशीने दिला. पेशीचा उरलेला अवकाश ग्लायकोप्रोटीनच्या, म्हणजे साखर जोडलेल्या प्रथिनांच्या, जाड कणांनी भरतो. अग्रपिंड बनत नाही. अंड्यात शिरण्याची तयारी तिच्यात कुठेच नसते.

ही सारी घडण ठरलेल्या क्रमाने होते. त्याच जातीच्या दुसऱ्या नरात तोच क्रम दिसतो. शेपट्या किती, कण कुठे, डोके कसे, हे जातीजातीत इतके ठाम असते, की वर्गीकरणासाठी त्याचा उपयोग करतात. ऑस्ट्रेलियात जॉन हीली आणि बॅरी जेमिसन यांनी 1981 मध्ये खाडीतल्या पायरॅझस एबेनिनस या शंखावर काम करताना या पेशींना ‘पॅरास्पर्म’ आणि फलन करणाऱ्यांना ‘युस्पर्म’ म्हणायला सुरुवात केली. आज शंखांवर काम करणारे बहुतेक संशोधक हीच नावे वापरतात. विषाने बिघडलेली पेशी अशी वागत नाही. विषबाधेत प्रत्येक पेशी आपापल्या तऱ्हेने मोडते. कुठे केंद्रक फुगते, कुठे पडदा फाटतो, गट विस्कळीत होतात. नलिकेतले वयाचे थर एकमेकांत मिसळतात. दोन छेद शेजारी ठेवले तर विद्यार्थ्यालाही फरक कळतो.

माझ्या प्रयोगशाळेत एक मुलगी लिटोरिनाच्या शुक्राशयाची (नराचे तयार शुक्राणू साठतात त्या भागाची) स्लाइड घेऊन आली होती. ‘मॅडम, ही बिघडलीय. यात गोल गोल पेशी आहेत, आत काड्या आहेत, केंद्रकच नाही.’ मी तिला स्लाइड टाकू दिली नाही. आधी चित्र काढ म्हटले. चित्र काढता काढता तिलाच दिसले, की त्या प्रत्येक गोल पेशीभोवती शुक्राणू रांगेने चिकटलेले आहेत, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. लिटोरिनाच्या पॅरास्पर्मला शेपटी नसते, तो स्वतः पोहत नाही. फलन करणारे शुक्राणू अग्रपिंडाने त्याला धरून बसतात, मादीच्या शरीरात पोहोचेपर्यंत त्याच्या आधाराने राहतात आणि तिथे सुटतात. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी त्याला पोषकपेशी म्हटले. त्या मुलीने ती स्लाइड पुढे प्रदर्शनात मांडली, आणि तिच्या खाली मथळा लिहायला मला काहीही सुचवावे लागले नाही.

यापेक्षाही थक्क करणारा प्रकार जांथिनामध्ये आहे. हा जांभळा शंख आयुष्यभर समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगतो. श्लेष्मात हवेचे बुडबुडे अडकवून तो स्वतःचा तराफा बनवतो आणि त्याला उलटा लटकून राहतो. नराला शिश्न नाही. उघड्या समुद्रात मादीला गाठायचे साधनही नाही. दोघेही वारा नेईल तिकडे जातात. इथे पॅरास्पर्म प्रचंड मोठा होतो. त्याच्या लांब शेपटीवर शेकड्यांनी युस्पर्म डोक्याने चिकटतात आणि हा एकच वाहक सगळा भार घेऊन पाण्यातून पोहत जातो. एपिटोनियम या मळसूत्री शिडीसारख्या शंखातही असाच वाहक आहे आणि तिथेही नराला शिश्न नाही. शुक्राणू पोहोचवण्याचे काम एका अवयवाने न करता एका पेशीने करायचे, हा मार्ग उत्क्रांतीने निवडला आहे. त्या पेशीत केंद्रक नाही, म्हणजे तिला स्वतःची संतती नाही. आपल्या लेखात मात्र हीच पेशी रोगाचे लक्षण म्हणून उभी केली आहे, याचे मला फार वाईट वाटले.

सगळ्यांचेच पॅरास्पर्म वाहक नसतात. सेरिथियम कुळातले नरही शिश्नाविना असतात, पण ते शुक्राणू पुडीत बंद करून मादीकडे देतात. तिथे पॅरास्पर्म आहेत, पण भार वाहत नाहीत. त्यांचे कण मादीच्या शरीरात फुटून युस्पर्मला पोषण देतात, किंवा आधी आलेल्या दुसऱ्या नराच्या शुक्राणूंना अडसर होतात, अशी स्पष्टीकरणे वेगवेगळ्या जातींबाबत मांडली गेली आहेत. कॅनडातील जॉन बकलंड-निक्स यांनी फ्युजिट्रायटन या शंखात तर एका नराचे दोन वेगवेगळ्या बांध्यांचे पॅरास्पर्म दाखवले. नरानरांमधली स्पर्धा हे कारण मला स्वतःला पटते. लिटोरिना सॅक्झाटिलिसच्या एकेका मादीच्या पोटातील पिलांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा त्यांचे बाप 15 ते 23 निघाले. जिथे एका मादीत इतक्या नरांचे शुक्राणू साठतात, तिथे केवळ आपल्याच शुक्राणूंच्या मदतीला असलेली पेशी बाळगण्यात नराचा उघड फायदा आहे.

आणखी एक. पटेला, हॅलिओटिस किंवा समुद्रसशांसारख्या गोगलगायींत अशा पेशी सहसा सापडत नाहीत. म्हणजे उद्या कोणी एकाच खाडीतून लिटोरिना आणि पटेला घेतले, तर एकात ‘विकृती’ दिसेल आणि दुसऱ्यात नाही, आणि पाणी तर दोघांचे एकच.

छायाचित्राबरोबरच लेखात ‘रिकामी, सुकलेली वृषणे’ हा आणखी एक पुरावा दिला आहे. इथेही घाई झाली आहे. वृषण रिकामे दिसण्याची निसर्गातच बरीच कारणे आहेत. लिटोरिना लिटोरियाचा नर विणीचा हंगाम संपला की शिश्नसुद्धा झडू देतो आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा वाढवतो. त्या मधल्या काळात वृषणात काहीच सापडत नाही, उरलेले शुक्राणू शरीर शोषून घेते. क्रेपिड्युला फॉर्निकाटा हे शंख एकमेकांच्या पाठीवर चढून चळत करून राहतात. वरचे लहान ते नर, खालचे मोठे त्या माद्या, आणि वाढता वाढता नराची मादी होते. पटेला व्हल्गाटाही वयाने वाढल्यावर नराचा मादी होतो. या बदलाच्या वेळी छेद घेतला तर शुक्राणूंची पीछेहाट आणि अंड्यांची सुरुवात एकाच ग्रंथीत दिसेल. ते त्या प्राण्याचे वय आहे.

आणि परजीवी! चपट्या कृमींच्या अळ्या शंखाच्या वरच्या वेढ्यांत शिरतात आणि वृषण खाऊन तिथे स्वतःची पिल्ले वाढवतात. नर जिवंत राहतो, खातो, फिरतो, पण कायमचा नपुंसक होतो. लिटोरिना, इलिॲनासा, सेरिथिडिया अशा कितीतरी शंखांत हे नेहमीचे आहे. कवच फोडल्यावर वृषणाच्या जागी पिवळट-नारिंगी, हलणारे दाणे दिसले तर आधी भिंगाखाली कृमी शोधायच्या असतात. वृषण कशाने नाहीसे झाले हे न पाहता त्याचे बिल प्रदूषणावर फाडणे म्हणजे तपासणी न करताच निदान लिहिणे. शिवाय हे कृमी बहुधा किनारी पक्ष्यांच्या आतड्यात प्रौढ होतात. पक्षी भरपूर असलेल्या, चांगल्या राखलेल्या खाडीत त्यांचे प्रमाण जास्तही असू शकते. म्हणजे लेखातल्या मोजमापाने सर्वात निरोगी खाडी सर्वात आजारी ठरेल.

आता खऱ्या प्रदूषणाकडे येते, कारण त्याविषयी गप्प बसणे हा माझा हेतू नाही.

ट्रायब्युटिल टिन, म्हणजे जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घातलेले कथिलाचे संयुग. 1970 मध्ये स्टीफन ब्लेबर यांना इंग्लंडमधील प्लिमथजवळच्या न्यूसेला लॅपिलस माद्यांमध्ये शिश्नासारखा अवयव उगवलेला दिसला. त्याच सुमारास अमेरिकेत बी. एस. स्मिथ यांना चिखलातल्या शंखांच्या माद्यांतही तेच दिसले. 1971 मध्ये स्मिथ यांनी त्याला ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले. कारण कळायला आणखी वर्षे गेली. 1980 च्या दशकात प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतील पीटर गिब्ज आणि जेफ्री ब्रायन यांनी ट्रायब्युटिल टिनशी त्याचा संबंध पक्का केला. लिटरभर पाण्यात एक-दोन नॅनोग्रॅम कथिल, म्हणजे ग्रॅमचे एक-दोन अब्जांश, एवढ्याने न्यूसेलाच्या माद्या वांझ होऊ लागतात. मादीच्या शरीरात शुक्रवाहिनी वाढते आणि तिच्या जननद्वारावरून जाऊन ते बुजवून टाकते. अंड्यांच्या कुप्या आत तयार होतात, बाहेर पडू शकत नाहीत, साठत राहतात आणि मादी मरते. न्यूसेलाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर पाण्यावर तरंगत दूर जात नाहीत, तिथेच खडकावर राहतात. त्यामुळे एका खडकावरच्या माद्या संपल्या, की तिथला वंश संपतो. बाहेरून येऊन जागा भरणारे कोणी नसते.

आणि शुक्राणूंचा संबंध येतो तो इथे. मात्रा याहून वाढली तर न्यूसेलाच्या मादीच्या अंडाशयात अंडी बनणे थांबते आणि शुक्राणू बनू लागतात. जपानच्या किनाऱ्यावरही हॅलिओटिसच्या माद्यांच्या अंडाशयात शुक्राणू घडताना सापडले. छेद पाहिला तर त्यात तेच थर दिसतात: जुळलेली गुणसूत्रे, पूर्वशुक्रपेशी, शेपट्या. प्रदूषणाची खूण शुक्राणूच्या आकारात नव्हती. तो कोणाच्या शरीरात बनतो आहे, यात होती. नराच्या वृषणाची कितीही छायाचित्रे पाहिली असती, तरी ही आपत्ती कोणाच्या लक्षात आली नसती. ती लक्षात आली, कारण काही माणसांनी माद्या नीट पाहिल्या.

पुढे जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले, की हे संयुग गोगलगायीच्या रेटिनॉइड एक्स रिसेप्टर या ग्राहकप्रथिनाला चिकटते आणि नर अवयवांच्या वाढीची कळ दाबते. म्हणजे हा परिणाम कोणत्या दाराने होतो तेही आता माहीत आहे. फ्रान्सने 1982 मध्ये, ब्रिटनने 1987 मध्ये लहान बोटींवर हा रंग बंद केला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार 2001 मध्ये झाला आणि सप्टेंबर 2008 पासून अमलात आला. बंदीनंतर पुष्कळ किनाऱ्यांवर न्यूसेला परत आले. हे घडले ते पुरावा चोख होता म्हणून. शिश्नाची लांबी मोजलेली होती, मादीचे जननद्वार किती बुजले याचे टप्पे ठरलेले होते, पाण्यातले कथिल मोजलेले होते, आणि निरोगी प्राणी कसा दिसतो हे आधीपासून कागदावर होते. रंग बनवणाऱ्यांनी प्रश्न विचारले तेव्हा प्रत्येकाला उत्तर होते.

म्हणून माझी विनंती आहे, की त्या छायाचित्राबाबत दोन ओळींचा खुलासा आपण छापावा. त्यातल्या पेशी पॅरास्पर्म आहेत आणि त्या त्या शंखाच्या निरोगी नरात असतातच, एवढे पुरे. लेखकाला बंदराजवळच्या शंखांवर पुन्हा लिहायचे असेल तर मला आनंदच होईल, आणि माझ्याकडची चित्रे मी द्यायला तयार आहे. मात्र तेव्हा नमुने विणीच्या हंगामात घेतलेले असावेत. जात नेमकी लिहिलेली असावी. प्रत्येक शंख उघडल्यावर आधी कृमी पाहाव्यात आणि कृमीग्रस्त प्राणी वेगळे मोजावेत. नर-मादी केवळ शिश्न पाहून ठरवू नयेत, कारण इम्पोसेक्समध्ये तीच खूण फसवते. मादीची कुपी ग्रंथी (अंड्यांच्या कुप्या बनवणारी) आणि शुक्रकोश (नराकडून आलेले शुक्राणू साठवणारा) आहे का, ते पाहावे. मग माद्यांपैकी कितींना शिश्न आहे आणि कितींचे जननद्वार बुजले आहे, ते सांगावे. बंदराच्या आतले आणि बंदरापासून दूरचे असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत.

आपली,
एक वाचक
(निवृत्त प्राध्यापिका, प्राणिशास्त्र)